भुशाचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, सुरुवातीलाच एक सोपे गणित घालतो. १२० सेंटिमीटर लांबीची एक फळी आहे. तिचे सहा सारखे तुकडे करायचे आहेत. एक तुकडा किती लांबीचा होईल? चौथीतले मूलही बोटे न मोजता सांगेल, २० सेंटिमीटर. हाच प्रश्न एखाद्या सुताराला विचारा. तो लगेच उत्तर देणार नाही. तो उलट तुम्हालाच विचारील, "करवत कोणती?"

त्याचे विचारणे अगदी रास्त आहे. करवत लाकूड कापते, तसे ते थोडे खातेही. तिची खाच २ मिलिमीटर रुंद पडत असेल, तर सहा तुकड्यांसाठी पाच वेळा कापताना पाच दुणे दहा मिलिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर लाकूड भुसा होऊन खाली पडते. वीस-वीस मोजून कापत गेलात, तर शेवटचा तुकडा १९ सेंटिमीटरचाच हाती येतो. सहाही तुकडे २० चे हवे असतील तर फळी १२१ सेंटिमीटरची लागेल. वहीतल्या भागाकारात बाकी शून्य उरते. सुताराच्या भागाकारात बाकी जमिनीवर पडलेली असते आणि ती झाडून काढावी लागते.

मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए. झालो तोही गणिताच्या वाटेला न जाता. तरीही या विषयावर बोलावेसे वाटले, कारण मुलांच्या हाती करवत आणि रंधा दिला तर ती गणित अधिक चांगले शिकतील का, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो उत्तर युरोपात सुरू होतो आणि आपल्या वर्ध्यापर्यंत येतो. या इतिहासात गणिताचे प्राध्यापक आहेत, धर्मोपदेशक आहेत आणि भारताचे एक राष्ट्रपतीही आहेत.

सुरुवात फिनलंडपासून करू. तिथे उनो सिग्नेअस नावाचे पाद्री होते. तरुणपणी त्यांनी थेट अलास्कातल्या सिटका या रशियन वसाहतीत पाच वर्षे काढली होती. पुढे फिनलंडच्या प्राथमिक शाळांची घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. मुलांचे शिक्षण डोक्याइतकेच हातांचेही व्हावे, असे त्यांचे मत होते. १८६६ मध्ये फिनलंडच्या ग्रामीण शाळांत मुलांसाठी हस्तकला हा सक्तीचा विषय झाला. एखाद्या देशाने सुतारकामासारखी गोष्ट सर्वसाधारण शिक्षणाचा भाग म्हणून कायद्याने शाळेत आणली, ती बहुधा तिथूनच.

शेजारच्या स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहराजवळ नेस नावाची एक जहागीर आहे. ती ऑगस्ट अब्राहमसन या व्यापाऱ्याने १८६८ मध्ये विकत घेतली. त्याचा भाचा ओटो सालोमन याने तिथे १८७२ मध्ये मुलांसाठी हस्तकलेची शाळा काढली आणि १८७५ पासून शिक्षकांना शिकवायला सुरुवात केली. १८७७ मध्ये तो फिनलंडला जाऊन सिग्नेअसना भेटला आणि त्याच्या कामाला नवी दिशा मिळाली. या शिक्षणपद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. हा शब्द पुढे जगभर गेला, कारण नेसला देशोदेशींचे शिक्षक येऊ लागले. आपल्याकडून बंगालमधले लक्ष्मीश्वर सिन्हा १९२८ मध्ये ही विद्या शिकायला स्वीडनला गेले होते.

सालोमनची पद्धत साधी होती. मुलांनी करायच्या वस्तूंची एक मालिका त्याने बसवली. पहिली वस्तू नुसत्या चाकूने होणारी, फुलझाडाला टेकू द्यायच्या काठीसारखी. मग एकेक हत्यार वाढत जाई, एकेक नवा सांधा येई. सोप्याकडून अवघडाकडे, ठाऊक असलेल्याकडून ठाऊक नसलेल्याकडे. वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मुलाने स्वतः केलेली हवी, हा त्याचा दंडक होता. मुलांना सुतार करणे हा हेतूच नव्हता. लक्ष, नेटकेपणा, डोळ्याला मापाची सवय आणि स्वतःच्या कामाबद्दलचा आदर, या गोष्टी त्याला मुलांच्या अंगी बाणवायच्या होत्या.

आता यात गणित कुठे आले, असे कोणी विचारील. चौकोनी काठी गोल करायची आहे असे समजा. शिकलेला हात ती एकदम गोल करायला जात नाही. तो आधी चार कडा छाटतो. काठी अष्टकोनी होते. मग आठ कडा छाटतो. सोळा बाजू होतात. मग बत्तीस. बाजू वाढत जातात तशी काठी वर्तुळाच्या जवळ जाते आणि उरलेसुरले कंगोरे काचकागदाने मोडतात. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने वर्तुळाचा परीघ मोजण्यासाठी हेच केले होते. त्याने षट्कोनापासून सुरुवात करून बाजू दुप्पट करत ९६ पर्यंत नेल्या. दहा वर्षांच्या पोराला आर्किमिडीजचे नाव ठाऊक असायची गरज नाही. पण वर्तुळ म्हणजे न संपणाऱ्या बाजूंचा आकार, ही कल्पना त्याच्या तळहाताला कळलेली असते. पुढे सूत्र फळ्यावर येते तेव्हा ते त्याला ओळखीचे वाटते.

याच सुमारास अमेरिकेत उलट्या दिशेने तोच प्रवास चालला होता. सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅल्व्हिन वुडवर्ड हे गणित आणि यंत्रशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना काही आकार आणि त्यांमागची तत्त्वे नीट समजावीत म्हणून त्यांनी त्यांना लाकडी नमुने करायला सांगितले. तेव्हा लक्षात आले, की या हुशार मुलांना साधी हत्यारे धरता येत नाहीत. कागदावर समीकरण सोडवणारा हात लाकडावर अडखळत होता. वुडवर्ड यांनी यातून धडा घेतला आणि १८७९ मध्ये सेंट लुइस येथे हस्तकौशल्याचे शिक्षण देणारी शाळा स्थापन केली. गणिताच्या प्राध्यापकाने सुतारशाळेचा आग्रह धरावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

दुसरे गणिती जर्मनीतले. गेओर्ग केर्शेनश्टायनर हे मूळचे गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक, गणितातच डॉक्टरेट मिळवलेले. १८९५ ते १९१९ अशी चोवीस वर्षे ते म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी त्यांनी शाळांतून लाकडाच्या आणि धातूच्या कार्यशाळा काढल्या. 'श्रमशाळा' ही त्यांची कल्पना. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९१२ मध्ये आले. या पुस्तकातले गाजलेले उदाहरण आहे पक्ष्याच्या घरट्याचे. मुलाने एका फळीतून स्टार्लिंग पक्ष्यासाठी, म्हणजे आपल्या साळुंकीच्या भाऊबंदासाठी, लाकडी घर करायचे.

हे उदाहरण मी माझ्या आकड्यांत सांगतो. घराची आतली जागा १२ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद हवी आणि फळी २ सेंटिमीटर जाड आहे. चार भिंतींसाठी किती रुंदीचे तुकडे कापायचे? घाईचे मूल चारही तुकडे बारा-बाराचे कापते. पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये बाजूच्या फळ्या बसवल्या, की एकीकडे आतली जागा आठच सेंटिमीटर उरते, कारण चार सेंटिमीटर फळ्यांच्या जाडीने खाल्ले. शांतपणे विचार करणारे मूल पुढची-मागची फळी १६ ची आणि बाजूच्या १२ च्या करते. तिसऱ्याच एखाद्या मुलाला सुचते, की प्रत्येक फळीचे एक टोक शेजारणीच्या आत आणि दुसरे बाहेर असे भिरभिऱ्यासारखे बसवले, तर चारही तुकडे चौदाचे चालतात. एका प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे आली आणि चुकीचे उत्तर का चुकले हेही दिसले.

केर्शेनश्टायनर यांचा सारा भर या 'दिसण्या'वर आहे. जे काम आपले आपल्याला तपासता येते, तेच काम शिकवते, असे त्यांचे म्हणणे. वहीतले गणित बरोबर की चूक हे गुरुजींची लाल पेन्सिल ठरवते. तोवर मूल तोंडाकडे बघत बसते. लाकडाच्या बाबतीत गुरुजींकडे जावे लागत नाही. फट राहिली की ती दिसते, कोन काटकोन नसला की पेटी डगमगते. लाकूड रागावत नाही आणि शाबासकीही देत नाही, पण खोटेही बोलत नाही. वृत्तात लिहिणाऱ्याला हे चटकन कळावे. ओळीत एक मात्रा जास्त झाली तर कोणी सांगावे लागत नाही, कान अडखळतो. त्या कानाला वळण लागणे हेच खरे शिक्षण.

या विचाराची वाट आता हिंदुस्थानाकडे वळते. १९२२ मध्ये एक तरुण अर्थशास्त्र शिकायला बर्लिनला गेला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला. त्याचे नाव झाकीर हुसेन. जर्मनीतल्या वास्तव्यात केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. परत आल्यावर त्यांनी दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाची धुरा खांद्यावर घेतली.

इकडे महात्मा गांधी स्वतःच्या अनुभवातून त्याच ठिकाणी पोहोचले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर मुलांसाठी सुतारकामाचा एक छोटा वर्ग चाले. गांधीजींचे मित्र, वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांना ते काम येत होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, असे ठराव झाले. अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते झाकीर हुसेन. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, के. जी. सैयिदैन अशी मंडळी होती. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल तयारही झाला. हीच 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम'.

या अहवालातले वेळापत्रक मुळातून पाहण्यासारखे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूळ उद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटे. आणि संगीत, चित्रकला व अंकगणित या तिघांना मिळून चाळीस मिनिटे! आजच्या पालकाला हे वाचून घेरी येईल. पण त्यामागे विचार होता. गणित त्या तीन तास वीस मिनिटांत व्हायचे होते. सूतकताई, सुतारकाम, शेती हे जे उद्योग सुचवले होते, त्यांतल्या प्रत्येकात मोजणे, मापणे, नफा-तोटा, क्षेत्रफळ, प्रमाण हे पावलोपावली येते. उद्योगात उठलेले प्रश्न चटकन सोडवता यावेत, हेच अंकगणिताचे उद्दिष्ट म्हणून लिहिले होते.

मग ही योजना रुजली का नाही? कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले राजकारणाचे. मुस्लिम लीगने योजनेला विरोध केला. तिच्यात धर्मशिक्षण नाही हा एक आक्षेप होता आणि मध्य प्रांतातल्या 'विद्यामंदिर' या नावावरूनही वादळ उठले. ज्या योजनेचा अभ्यासक्रम एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने तयार केला, तिच्याकडे त्याच समाजातले कितीतरी लोक संशयाने पाहत राहिले. पेटीच्या सांध्यातली फट मुलाला दिसते. समाजाच्या सांध्यातली फट मोठ्यांनाही वेळेवर दिसत नाही.

दुसरे कारण पैशाचे. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, अशी अपेक्षा होती. यात धोका आहे, मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडे शिक्षकांचा कल होईल आणि शिक्षण मागे पडेल, असा इशारा खुद्द अहवालातच दिलेला होता. वस्तू विकायची म्हटली की ती बिघडून चालत नाही. पण मुलाचे शिकणे बिघडवण्यातच असते. सहावा तुकडा १९ चा आला तर बाजाराच्या दृष्टीने ते नुकसान, शाळेच्या दृष्टीने तोच त्या दिवसाचा धडा. शिवाय लाकूड आणि हत्यारे महाग, टकळी स्वस्त. म्हणून बहुतेक शाळांनी सूतकताईच पत्करली आणि सुतारकाम मागे राहिले.

तिसरे कारण आपल्या समाजरचनेचे, आणि ते मला सर्वांत गंभीर वाटते. पिढ्यान्‌पिढ्या करवत चालवलेला बाप आपल्या मुलाला शाळेत कशासाठी घालतो? त्या मुलाच्या हातातली करवत सुटावी म्हणून. त्याला शाळेत पुन्हा करवतच दिसली तर तो म्हणणार, हे तर मी घरी शिकवले असते. दुसरीकडे ज्यांच्या घरी कधी हत्यार उचलले गेले नव्हते, त्यांना ते शाळेतही नको होते. 'नई तालीम' खेड्यातल्या गरिबांची आणि इंग्रजी शाळा शहाण्यांची, अशी वाटणी झाली. त्या बापाचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण आपण सुताराला अक्षर द्यायला उशीर केला आणि अक्षरवाल्याला हत्यार दिलेच नाही. नुकसान दोघांचे झाले.

खरे तर ज्ञान आपल्या दारात होते. सुताराच्या जुन्या गजाचे २४ तसू असत. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ यांनी नि:शेष भाग जातो. म्हणजे गजाचा निम्मा, तिसरा, चौथा, सहावा, आठवा हिस्सा अपूर्णांक न लिहिता निघतो. मीटरचा तिसरा हिस्सा काढायला जा, ३३.३३ पुढे संपतच नाही! त्याच गावातल्या शाळेत माझ्या वडिलांच्या पिढीतली मुले पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी घोकत होती. पाव आणि पाऊण शाळेत तोंडात होते, सुताराच्या कट्ट्यावर हातात होते. दोघांची गाठ पडली नाही. शब्द मात्र कधीच एकत्र आले होते. 'करवत' संस्कृत 'करपत्रा'तून आली, 'रंधा' फारसीतून. काटकोन तपासायचा 'गुण्या' फारसीतल्या 'गूनिया'वरून, आणि त्याचे मूळ ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोन. 'ट्रिगॉनॉमेट्री'मधला 'गॉन' तोच. महाविद्यालयातला जड विषय आणि सुताराच्या पिशवीतले हत्यार एकाच घराण्यातले आहेत.

हात आणि वही यांची फारकत किती महागात पडते, याचा एक पुरावा ब्राझीलमधला आहे. रेसिफे शहरात ॲनालुसिआ श्लिमान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पलंगाचे चित्र दाखवून त्यांनी विचारले, असे पाच पलंग करायला लाकूड किती लागेल? मुरलेल्या सुतारांचे शालेय शिक्षण कमी होते, तरी त्यांची उत्तरे व्यवहारात बसणारी होती. शाळेत गणित शिकलेले उमेदवार मात्र त्याला परीक्षेतला प्रश्न समजले. त्यांनी मिळतील ते आकडे बेरजा-गुणाकारांत घातले, आणि निघालेले उत्तर शक्य तरी आहे का, हे पाहायचे अनेकांना सुचले नाही. त्यांना गणित येत होते, स्वतःचे उत्तर तपासायची सवय नव्हती. अर्थात नुसता हातही पुरेसा नाही. सुताराचा हिशेब त्याच्या कट्ट्याशी बांधलेला असतो. तो कट्ट्यापलीकडे न्यायला वही लागते.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' ही कल्पना पुढे आणली. माझ्या पिढीने हा विषय शाळेत पाहिला. आमच्याकडे त्याचा अर्थ होता आदल्या संध्याकाळी घरच्यांकडून करून घेतलेली किंवा दुकानातून आणलेली वस्तू टेबलावर मांडणे. गुण वस्तूला मिळत. ती कशी मोजली, कुठे चुकली, हे कोणी विचारत नसे. फिनलंड-स्वीडनमध्ये मात्र हस्तकला आजही मुलामुलींना सक्तीची आहे. आपल्याकडेही काही बेटे आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम हाताने काम करत शिकण्याचा प्रयोग चालवतो आहे. सेवाग्रामला 'आनंद निकेतन' ही नई तालीमची शाळा २००५ मध्ये नव्याने सुरू झाली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकावे, अशी अपेक्षा आहे. सालोमनने कारागिरापेक्षा शिक्षकच पसंत केला होता. आपण दोघांना एका कट्ट्यापाशी आणू शकलो तर त्याच्याही एक पाऊल पुढे जाऊ. मात्र ते दिवस सहलीचे आणि छायाचित्रांचे होऊ नयेत. मुलांकडे सुबक वस्तू मागू नका. त्यांना एक साधी वही द्या. तिच्यात तीन गोष्टी लिहायला सांगा. किती माप ठरवले होते? प्रत्यक्षात किती आले? आणि फरक कशामुळे पडला? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधणारे मूल पुढे कोणाचाही हिशेब डोळे मिटून मान्य करणार नाही, स्वतःचाही नाही. आणि हो, त्या वहीत एक रकाना भुशासाठी जरूर ठेवा.